आरशासारख्या पाण्यावर सीप्लेन

प्रश्न : हतनूर धरणाचं पाणी पहाटे अगदी आरसा असतं. सीप्लेन उतरवायला ते सोयीचंच ना? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : उलट, शिकाऊ वैमानिकाला तेच फसवतं. लाट नसली की पाणी नेमकं किती खाली आहे ते डोळ्यांना कळत नाही. मग कुणी उंचावरच नाक उचलतो आणि विमान आदळतं, कुणी नाक खाली ठेवूनच पाण्यात घुसतो. म्हणून काठाला धरून यावं, नाक किंचित वर, थोडी पॉवर ठेवून मिनिटाला साधारण १५० फूट उतरावं. फ्लोट (विमानाखालचे तरंगते पाय) पाण्याला टेकेपर्यंत काहीही बदलू नये. थ्रॉटल, म्हणजे इंजिनची पॉवर कमी-जास्त करणारा दांडा, त्यानंतरच बंद. जागा मात्र भरपूर लागते. आणि विमानाला चाकंही असतील तर ती वर आहेत ना, ते आधी बघा. खाली राहिली तर विमान पालथंच होतं!