कादंबरीची भिशी

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या वाचन क्लबबद्दलचा मेसेज वाचला. आठ जण, आठही वाचणारे, आणि दोन महिने झाले तरी पहिली कादंबरी ठरेना! हसू आलं, कारण आमचंही अगदी असंच झालं होतं. ग्रुपवर मतदान घेतलंस ना? तिथंच गाडी अडते.

मतदान बंद कर. त्यात निवडून येते ती कुणालाच न खुपणारी कादंबरी, आणि तिच्यावरचं बोलणं वीस मिनिटांत आटपतं. मग फ्लॅटचे भाव निघतात. आम्ही भिशी लावतो. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका बरणीत (आमची लोणच्याची आहे, कितीही धुतली तरी चिठ्ठ्यांना मोहरीचा वास येतो), आणि जिचं नाव निघेल तिनं कादंबरी ठरवायची. बाकीच्यांनी मुकाट्यानं वाचायची. एकदा निघालेलं नाव सगळ्यांची पाळी होईपर्यंत पुन्हा आत जात नाही. अटी दोनच. निवडणाऱ्यानं ती स्वतः पूर्ण वाचलेली हवी, आणि दुकानात, वाचनालयात, कुणाच्या तरी माळ्यावर मिळून निदान चार प्रती हाताशी हव्यात. हे आधी बघ. एकच प्रत आठ जणांत फिरवण्यात आमचा एक अख्खा पावसाळा गेला.

सुरुवात बारीक पुस्तकानं करा. आम्ही हौसेनं सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी घेतली होती. बैठकीला तिघीच आल्या, त्यातल्या एकीनं ती शाळेत असताना वाचलेली. पुढच्या महिन्यात विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घेतली. १९३९ची, चार दिवस लोकलमध्ये जाता-येता संपली. त्यातला नायक चक्रधर नायिकेशी, हॅर्टाशी, नीट वागला का, यावरून इतकं वाजलं की चहा दोनदा गरम करावा लागला.

पण खरी गंमत उद्धव शेळक्यांच्या ‘धग’नं केली. यवतमाळची एक मैत्रीण आहे, फार बोलत नाही. तिची चिठ्ठी निघाली आणि तिनं ‘धग’ सांगितली. १९६०ची, संवाद वऱ्हाडी. बैठकीला निम्म्या जणी वीस पानं वाचून आल्या होत्या, “भाषाच कळत नाही गं” म्हणत. ती काही बोलली नाही. पुस्तक उघडलं आणि नायिकेच्या, कौतिकच्या, तोंडचं एक पान मोठ्यानं वाचलं, आईशी फोनवर बोलते ना, त्या सुरात. कुठं थांबायचं, कुठला शब्द ओढायचा, हे छापलेल्या पानावरून आम्हाला कळतच नव्हतं. ती बैठक तिथंच मोडली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भरली, तेव्हा सगळ्यांचं वाचून झालं होतं. तेव्हापासून ज्याची निवड, त्यानं आधी एक पान वाचून दाखवायचं, मग बोलणं.

बोलताना पहिला अर्धा तास ‘आवडली’, ‘नाही आवडली’ म्हणायचं नाही. कुठं अडलात, कुठलं पान उलटून पुन्हा वाचलंत, हे विचार. अर्धवट वाचलेल्यानंही यावं, मात्र “शेवट सांगू नका” म्हणायचं नाही. तारीख पक्की ठेव, पहिला रविवार म्हणजे पहिला रविवार. ‘सगळ्यांना जमेल तेव्हा’ असा दिवस कॅलेंडरात नसतो. खायला पोहे. आमच्याकडे मध्यंतरी पदार्थांची चढाओढ लागली आणि यजमानीण स्वयंपाकघरातूनच चर्चा ऐकू लागली.

एक माझीच चूक सांगते. एका मुलीनं ‘बनगरवाडी’बद्दल काहीतरी मांडलं, आणि मी चटकन म्हणाले, “अगं, तू चुकीचं वाचलंयस.” बरोबर मीच होते. ती पुन्हा आली नाही. मी फोन केला, दोनदा केला. कामं आहेत म्हणाली. तू क्लब सुरू करणार, म्हणजे सगळे तुझ्याच तोंडाकडे बघणार. म्हणून तुझं मत शेवटी सांग, आणि पहिल्या फेरीत बरणीत तुझी चिठ्ठीच टाकू नकोस.

सोबत माझी ‘धग’ची प्रत पाठवते आहे. समासात यवतमाळच्या मैत्रिणीनं पेन्सिलीनं शब्दांचे अर्थ लिहून दिलेत. ते खोडू नकोस, आणि दिवाळीपर्यंत परत कर.

तुझी,
काकू