टर्बो मोठा बसवलात, मग हे वाचा

टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) बदलून झाल्यावर येणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. पोलो जीटी गेली, ऑक्टाव्हिया आरएस आली आणि गेली, प्रश्न तिथेच. त्यांना पहिलं उत्तर मित्राने दिलेलं असतं, दुसरं एखाद्या व्हिडिओने, तिसरं पार्ट विकणाऱ्याने. मी चौथा. गाडी न पाहता दिलेलं माझं उत्तरही दिशेपुरतंच धरा.

प्रश्न: ऑक्टाव्हिया आरएस २३० ला आयएस३८ हा मूळपेक्षा मोठा टर्बो बसवला आहे. घरी पोचल्यावर टर्बो थंड व्हायला दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं का? (ठाणे)

शेवटचे दोन किलोमीटर शांत चालवा, तेवढं पुरे. घाट ओढून थेट हॉटेलच्या दारात थांबलात तरच मिनिटभर आयडलवर ठेवा. तुमच्या इंजिनात गाडी बंद केल्यावरही कूलंट फिरवणारा छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. टर्बो टायमर (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं यंत्र) विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं, किंवा चांगलं ठाऊक असतं.

प्रश्न: टर्बो बसवून झाला, पण ट्यूनरची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची, म्हणजे ईसीयूची, सेटिंग बदलणाऱ्याची) तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. तोपर्यंत कंपनीच्या मॅपवर (मूळ सेटिंगवर) हळू चालवली तर चालेल ना? (नाशिक)

नाही. ईसीयूला अजून जुनाच टर्बो माहीत आहे. वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून वायू सोडणारी झडप) किती उघडलं की किती बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मिळतो, हा त्याचा हिशेब जुन्या टर्बोवर बेतलेला आहे, आणि नव्याच्या बाबतीत तो चुकणार. ‘हळू चालवतो’ हे मी फार वेळा ऐकलंय. कसारा घाटात ट्रक ओलांडताना पाय कुणाचंच ऐकत नाही. ट्यूनरकडून निदान बेस मॅप (तात्पुरता, सांभाळून केलेला) तरी आजच मागा आणि तो मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा. ज्यांनी अजून बसवला नाही त्यांनी ट्यूनची तारीख आधी घ्यावी आणि मगच टर्बो खोलावा. हा क्रम उलटा का होतो, मला कधीच कळलेलं नाही.

प्रश्न: नव्या टर्बोचा आवाज जास्त येतो. शीळ घातल्यासारखा. काळजी करू का? (कोल्हापूर)

बूस्टबरोबर चढणारी आणि पाय काढला की विरणारी शीळ चालेल. आवाज सायरनसारखा कर्कश असेल, आठवड्यागणिक वाढत असेल, तर कॉम्प्रेसरचं (हवा दाबणाऱ्या बाजूचं) व्हील हाउसिंगला घासत असण्याची शक्यता आहे; गाडी टोइंग करून न्या. लोडवर ‘सूंऽऽ’ आणि पिकअप कमी, असं असेल तर कुठल्यातरी पाइपची क्लिप सैल असते. तीही हलक्यात घेऊ नका, कारण गळालेली हवा भरून काढायला टर्बो नेमून दिलेल्या वेगाच्या वर पळतो. प्रेशर टेस्ट करून घ्या.

प्रश्न: १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं की पॉवर वाढते असं पंपावर सांगितलं. रोज तेच टाकू का? ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे टर्बो खराब होतो हे खरं का? (पुणे)

पंपावर सांगितलं म्हणजे झालंच! ऑक्टेन पॉवर देत नाही, नॉकिंगला (मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्याला) आडवं येतं. मॅप त्या पेट्रोलवर केलेला असेल आणि इग्निशन (ठिणगीची वेळ) पुढे घेतलेलं असेल तरच फायदा दिसतो. नाहीतर खिसा तेवढा हलका होतो. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं, पण आजही ते मोजक्या शहरांत आणि मोजक्याच पंपांवर मिळतं. म्हणजे पुण्यात १०० वर ट्यून करून घेतलेली गाडी घेऊन तुम्ही देवगडला निघालात तर परतीच्या टाकीचं काय, हा प्रश्न आधी विचारायचा. नॉक सेन्सर इग्निशन मागे खेचून इंजिन सांभाळतो हे खरं, पण तो आणीबाणीसाठी आहे, रोजच्या राबत्यासाठी नाही. ट्यूनरकडून दोन मॅप घ्या, एक चांगल्या पेट्रोलचा आणि एक नेहमीच्या.

ई२० ने टर्बोला काही होत नाही. अडचण इंधनाच्या पुरवठ्याची आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या मानाने साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, त्यामुळे ई२० वर तेवढ्याच कामाला सहा-सात टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. मोठ्या टर्बोमुळे हाय प्रेशर पंप आधीच शेवटच्या टोकाला आलेला असेल तर ही सहा-सात टक्के कुठून आणणार? फ्युएल प्रेशरचा लॉग पाहिल्याशिवाय याचं उत्तर कुणीही देऊ नये.

प्रश्न: टर्बो अपग्रेड केला, तीन महिन्यांत निळा धूर. गॅरेजने ‘सील गेलं’ म्हणून दुसरा बसवला. तोही आता धूर मारतोय. माल खराब येतोय का? (छत्रपती संभाजीनगर)

या प्रश्नाला मी जागा जास्त देणार आहे, कारण तिसरा टर्बो घ्यायला निघालेली माणसं मला दर महिन्याला भेटतात.

पहिली गोष्ट, ‘सील गेलं’ हे निदानच नव्हे. टर्बोच्या शाफ्टवर रबराचं ऑइल सील नसतं. पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि त्यांचं मुख्य काम दोन्ही बाजूंचा वायू ऑइलच्या भागात शिरू न देणं हे आहे. ऑइल बाहेर येत नाही ते मुख्यतः आतलं ऑइल सतत खाली उतरून जातं म्हणून. हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. ऑइल त्याच्याकडे प्रेशरने येतं, पण परत जाताना प्रेशर नसतं. फेसाळलेलं ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. आता हा परतीचा पाइप कुठे दबला असेल, आडवा गेला असेल, किंवा फिटरने गॅस्केटला भरभरून सिलिकॉन फासल्यामुळे आतून अर्धा बुजला असेल, तर ऑइल जाणार कुठे? रिंगांमधून, दोन्हीकडे. मोरी तुंबल्यावर तुम्ही दोनदा नळ बदललात.

पाइप साफ असेल तर दुसरा संशय क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोकळीच्या) प्रेशरवर. पीसीव्ही व्हॉल्व्ह (तिथला वायू बाहेर काढणारी झडप) अडकला असेल किंवा बूस्ट वाढवल्यावर पिस्टनच्या रिंगांमधून ब्लोबाय (खाली गळणारा वायू) वाढला असेल, तर खालून दाब येतो आणि ऑइल उतरतच नाही. अशा इंजिनावर जगातला सर्वांत महाग टर्बो बसवा, धूर येणारच.

उलट प्रकारही बघितलाय. बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइलच्या येणाऱ्या लाइनमध्ये बहुधा रिस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा तुकडा) लागतो, नाहीतर ऑइल जास्त होतं. साध्या जर्नल बेअरिंगला (गोळ्यांशिवाय, ऑइलच्या थरावर फिरणाऱ्या) सहसा तो लागत नाही. तिथे तो बसवला की बेअरिंग उपाशी मरतं. ‘किटमध्ये आलेला, म्हणून लावला’ हे कारण मला सांगू नका, त्या टर्बोच्या कंपनीचा कागद काढून वाचा.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पहिला टर्बो गेला तेव्हा त्याचे तुकडे कुठे गेले? कॉम्प्रेसरच्या व्हीलचा कीस इंटरकूलरमध्ये (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत) अडकून बसतो आणि नंतर थोडा थोडा सुटून इंजिनात जातो. बेअरिंगचा कीस ऑइलमध्ये फिरतो आणि नव्या बेअरिंगवर घासतो. इंटरकूलर बदलला का? निदान खोलून धुतला का? संप उतरवला का? ऑइलची लाइन नवी घातली का? काही गाड्यांत या लाइनच्या बँजो बोल्टमध्ये (ऑइल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये) बारीक जाळी असते, ती कुणी पाहिली? पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी टर्बोत ऑइल भरून, इंधन बंद ठेवून, नुसतं क्रँक करून प्रेशर उभं केलं का? ही सगळी कामं वेळ खातात आणि बिलात मिरवत नाहीत, म्हणून ती टाळली जातात. ‘माल खराब’ म्हटलं की गॅरेजही सुटतं आणि तुम्हीही.

तिसरा टर्बो घेऊ नका. आधी कम्प्रेशन टेस्ट, मेकॅनिकल गेजने ऑइल प्रेशर, मग क्रँककेस प्रेशर, मग परतीचा पाइप, याच क्रमाने. आणि हे पहिल्या गॅरेजकडून नको, दुसऱ्याकडून करून घ्या. तोवर गाडी चालवू नका. बूस्टबरोबर ऑइलही आत ओढलं जात असेल तर नॉकिंग वाढतं, आणि मग प्रश्न टर्बोपुरता राहत नाही.

प्रश्न: ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? (सांगली)

कंपनीच्या निम्म्या अंतराला, कंपनीच्याच ग्रेडचं, आणि अधिकृत विक्रेत्याकडून. बाजारात नकली डबे फार आहेत.

प्रश्न: पोलो १.० टीएसआयला हायब्रिड टर्बो (मूळ हाउसिंगमध्ये मोठी व्हील घातलेला) बसवायचा विचार आहे. डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) टिकेल का? (मुंबई)

तुमच्या गाडीत डीएसजी असेल, तर पोलोतला डीक्यू२०० ड्राय क्लचचा आहे आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर टॉर्कची. तुमचं इंजिन कंपनीतून १७५ ला येतं. नुसत्या स्टेज वनने (पार्ट न बदलता केलेल्या ट्यूनने) बरीचशी जागा संपते, मोठ्या टर्बोने ती ओलांडणार. त्यात अंधेरी ते वांद्रे सिग्नलला सिग्नल जोडून सरपटत जायचं, म्हणजे क्लच आधीच तापलेला. ट्यूनरला टॉर्क लिहून मागा आणि खालच्या आरपीएमला तो मुद्दाम आवरायला सांगा. दोन हजारांच्या आत ढकललेला टॉर्क क्लच खातो आणि कनेक्टिंग रॉडही वाकवतो. ‘गिअरबॉक्सला काही होत नाही’ म्हणणाऱ्याकडून तेही लिहून घ्या. तो लिहून देणार नाही.

प्रश्न: नामांकित कंपनीचा टर्बो ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतोय. होलोग्राम आहे. (नागपूर)

होलोग्राम छापायला काय लागतं? सीरियल नंबर मागा आणि तो कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून पडताळून घ्या. नंबर द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तेच तुमचं उत्तर. नकली टर्बोचं खोकं सुंदर असतं, शाफ्टचं बॅलन्सिंग नसतं.

प्रश्न: ‘प्स्स’ आवाजासाठी ब्लो ऑफ व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर दाबलेली हवा बाहेर सोडणारी झडप) लावू का? (पनवेल)

आवाजच हवा असेल तर लावा. एअर फ्लो मीटर असलेल्या गाडीत मोजलेली हवा बाहेर गेल्याने मिश्रण रिच होतं (इंधन जास्त पडतं), तेव्हा आधी ट्यूनरला विचारा. पॉवर वाढत नाही.

प्रश्न: आरटीओ आणि इन्शुरन्सचं काय? सगळे म्हणतात, बॉनेट कोण उघडून बघतं. (पुणे)

अपघात झाल्यावर सर्व्हेअर बघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकलेला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) असेल तर प्रदूषणाचा मुद्दा वेगळा. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या, एजंटचा ‘होऊन जाईल’ ग्राह्य धरू नका. तुमच्या गाडीपुरतं नक्की काय चालेल हे आरटीओत आणि वकिलाला विचारा. मी इंजिनाचा माणूस आहे.

म्युनिकहून एका वाचकाने हाच प्रश्न गोल्फ जीटीआयबद्दल विचारलाय. तिथे तपासणी आणि नोंद न करता असा बदल केला तर गाडीचा रस्त्यावर चालवण्याचा परवानाच रद्द ठरू शकतो. पार्ट विकत घेण्याआधी टीयूव्हीच्या (तिथल्या वाहन तपासणी संस्थेच्या) तपासनिसाशी बोला. नंतर बोललात तर तो फक्त मान हलवेल.

प्रश्न: महाबळेश्वरला गाडी ओढत नाही असं वाटतं. टर्बोला उंचीचा फरक पडत नाही म्हणतात ना? (सातारा)

पडतो. साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्के कमी असतो. ईसीयू तो फरक टर्बोला जास्त फिरवून भरून काढतो, आणि कमाल वेगाजवळ आलेल्या टर्बोला ते झेपत नाही. मॅपमध्ये उंचीची मर्यादा घातली आहे का, विचारा. असेल, तर गाडी ओढत नाही हे चांगलंच लक्षण.

प्रश्न: गाडी विकायची आहे. जुना टर्बो परत बसवून कंपनीचा मॅप टाकला तर कुणाला कळणार नाही ना? (ठाणे)

ईसीयूत किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद बऱ्याच गाड्यांत राहते, आणि फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत सर्व्हिस सेंटरच्या यंत्रणेला बदललेला मॅप ओळखताही येतो. जुना टर्बो जरूर परत बसवा, पण नव्या गॅस्केट आणि नव्या ऑइल लाइनसह, आणि खरेदीदाराला स्पष्ट सांगून. सगळी बिलं एका फाइलमध्ये लावून त्याच्या हातात द्या. किंमत थोडी कमी येईल.