दोन्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह, आता?

प्रश्न : वय ३१. दोनदा गर्भपात झाला, दुसरा चौथ्या महिन्यात. गेल्या महिन्यात डाव्या मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (गुठळ्या घडवणारी प्रतिपिंडं) आणि फॅक्टर फाइव्ह लायडन (रक्त गोठण्याच्या जनुकातला बदल, एक प्रत) दोन्ही निघालं. बाबांनाही ऑपरेशननंतर गुठळी झाली होती. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. सारखी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) तपासायला नको म्हणून रिव्हारॉक्साबॅन ही तशीच दुसरी गोळी घेऊ का? धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय, तिचीही तपासणी करावी का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी गोळीचं. आपण होऊन बदलू नका. या अँटिबॉडीच्या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवर इटलीत रिव्हारॉक्साबॅन वापरून पाहिलं, तर वॉरफरिनपेक्षा गुठळ्या जास्त झाल्या. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. शेजारच्या काकांना ती गोळी मानवली असेल, पण त्यांचा आजार हा नव्हे. आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा. पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे वॉरफरिनचा परिणाम कमी होतो; तरी मेथी-पालक बंद करू नका, फक्त एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं नको. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक आणणं मात्र बंद; वॉरफरिनसोबत त्याने रक्तस्राव होऊ शकतो.

लायडन जन्मापासूनच तुमच्यात आहे, बहुधा बाबांकडून आलेलं. एक प्रत असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. अँटिबॉडी नंतर, तुमच्याच प्रतिकारशक्तीने तयार केलेली. गर्भपातांबद्दल माझा मुख्य संशय तिच्यावर. दोन्हींची जोडी जमली की गुठळीचा धोका वाढतो. पण एका रिपोर्टवर अँटिबॉडीचा शिक्का मारत नाहीत. ताप-संसर्गातही ती तात्पुरती दिसते, म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. त्यातली ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट ही चाचणी वॉरफरिनवर फसवी येऊ शकते. लॅबला गोळीचं सांगा; चाचणीसाठी ती परस्पर थांबवू नका.

मूल हवंच असेल तर आधी भेटा. वॉरफरिन गर्भाला घातक. पाळी चुकली की लगेच त्याऐवजी हेपरिनची (रक्त पातळ ठेवणारी) इंजेक्शनं आणि कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन. असे उपचार घेऊन अनेकींची बाळंतपणं सुखरूप होतात.

बहिणीत लायडन असण्याची शक्यता निम्मी. अँटिबॉडी तपासायची गरज नाही. लायडनची चाचणी तिच्या मर्जीवर. पण इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी सुरू करण्यापूर्वी आणि गरोदरपणात डॉक्टरांना घरातला इतिहास सांगायलाच हवा. बायोडेटाला रिपोर्ट जोडण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर माझं नाव सांगून नकार द्या.