विहिरीत की विहीरीत? काव्यसमूहांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी सदराकडे आलेली बहुतेक पत्रे व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरील काव्यसमूहांविषयी होती, म्हणून इतर विषय बाजूला ठेवून त्यांपैकी पाच पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या काव्यसमूहात दोनशेच्या वर सदस्य आहेत. सकाळी विषय दिला जातो, रात्री नऊपर्यंत अष्टाक्षरी किंवा चारोळी पाठवायची असते आणि दुसऱ्या दिवशी निवडक कवींना छायाचित्रासह सन्मानपत्र मिळते. प्रत्येक कवितेखाली ‘अप्रतिम’, ‘खूप छान’ आणि जोडलेले हात यांची रांग लागते. मागील महिन्यात एका भगिनींच्या अष्टाक्षरीतील दोन ओळींत नऊ अक्षरे असल्याचे मी समूहातच लिहिले. त्याच रात्री त्या समूह सोडून गेल्या आणि ‘येथे सकारात्मक प्रतिसादच द्यावेत’ अशी सूचना मला मिळाली. माझे काय चुकले? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली मोजणी बरोबर असणार याविषयी मला शंका नाही, आयुष्य फळ्यापुढे काढलेल्या व्यक्तीचे अक्षर मोजण्यात सहसा चुकत नाही. चुकले असेल तर ते ठिकाण आणि क्रम. दिवसभराची कामे उरकून लिहिलेल्या त्या कवितेला मिळालेला पहिला खरा प्रतिसाद दोनशे जणांसमोर आला, तो केवळ मोजणीचा होता, आणि ओळीत काय म्हटले आहे याविषयी त्यात एक शब्दही नव्हता. (ती कविता कशाविषयी होती हे आपल्या पत्रातही आलेले नाही, हे मला नोंदवावेसे वाटते.) शिवाय ही चूक अनेकदा कानाची नसून कागदाची असते. बोलताना ‘करून’ हा शब्द दोन ठोक्यांत संपतो, लिहिताना मात्र त्याची तीन अक्षरे होतात. उलट ‘स्वातंत्र्य’ हा शब्द कितीही भरगच्च दिसला तरी अक्षरछंदात त्याची तीनच अक्षरे धरली जातात. आपण त्यांना दूरध्वनी करून ‘ही ओळ तुम्ही कशी म्हणता, मला एकदा म्हणून दाखवा’ असे विचारले असते, तर बहुधा नववे अक्षर त्यांचे त्यांनाच सापडले असते.

समूहप्रशासकांची सूचना मात्र मला मुळीच मान्य नाही. ‘खूप छान’ हा प्रतिसाद नव्हे, तो आहेर आहे. कोणी किती केला याची वही मनात असते आणि तेवढाच परत करायचा असतो. ज्याने आपल्या कवितेखाली हात जोडले त्याच्या कवितेखाली आपणही हात जोडतो, मग ती वाचली असो वा नसो. दोनशे जणांच्या समूहात याहून वेगळे घडणेही कठीण आहे, कारण एका दिवशी चाळीस कविता आल्या तर त्या वाचायच्या कोणी आणि कधी?

पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ सुरू झाले तेव्हा माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे अशी मोजकी मंडळी चहाच्या निमित्ताने जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत. त्यांच्यावरही परस्परस्तुतीचा आरोप झालाच आणि आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने त्यांच्या काव्यशैलीची मनसोक्त विडंबने केली; परंतु त्या बैठकीत कविता कवीच्या तोंडून ऐकू येत असे आणि ऐकणाऱ्याला उठून जाण्याची घाई नसे. आपल्याला तेवढे करता येईल. समूहातील पाच-सहा समानधर्मी जणांना बाजूला घ्यावे, आठवड्याला एकच कविता ठेवावी, ती ध्वनिमुद्रित करून पाठवण्यास कवीला सांगावे, आणि प्रत्येकाने दोनच गोष्टी लिहाव्यात : कोणती ओळ लक्षात राहिली आणि वाचताना आपण कोठे अडखळलो. समूह सोडून गेलेल्या भगिनींना पहिले निमंत्रण द्यावे.

प्रश्न : मी बावीस वर्षांचा विद्यार्थी आहे. मी पुढील चार ओळी एका समूहात पाठवल्या :

झरे आटलेले, उन्हाळा सरेना
विहीरीत दोरी तळाशी पुरेना
तरी माय जाते घडा घेउनीया
तिच्या सोबतीला तिची एक छाया

एकाने ‘विहिरीत’ असे दुरुस्त करून ओळी पुन्हा पाठवल्या. दुसऱ्याने ‘उन्हाळा’तील ‘उ’ जोडाक्षरापूर्वी आल्यामुळे गुरू (दीर्घ) होतो, म्हणून वृत्त मोडले असे सांगितले. तिसऱ्याने ‘आता वृत्तात कोण लिहितो, मुक्तछंदाकडे वळा’ असा सल्ला दिला. बाकी सर्वांनी बदामाची चित्रे पाठवली. मी कोणाचे ऐकावे? — एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : तिघांपैकी कोणाचेच नाही, तरीही पहिल्या दोघांनी निदान अक्षराकडे पाहिले याबद्दल त्यांचे आभार मानावेत.

तुमचे वृत्त भुजंगप्रयात आहे : एक लघू (ऱ्हस्व) आणि दोन गुरू यांचा ‘य’ गण (तीन अक्षरांचा गट) चार वेळा, एकूण बारा अक्षरे. समर्थांच्या ‘मनाचे श्लोक’ याच वृत्तात असल्यामुळे मराठी घरांतील कानाला ही चाल शिकवावी लागत नाही. ‘विहीरीत दोरी’ याची फोड ‘वि-ही-री, त-दो-री’ अशी होते आणि गण तंतोतंत बसतो. गद्यात आपण ‘विहीर’ पण ‘विहिरीत’ लिहितो, कारण विभक्तीचा प्रत्यय लागताना उपान्त्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते. मात्र ते तसे केले की दुसरे अक्षर लघू होऊन ओळ लंगडते. वृत्ताचे बंधन पाळताना ऱ्हस्व-दीर्घाचे नियम काटेकोरपणे पाळणे शक्य नसेल तर कवीला तेवढ्यापुरते स्वातंत्र्य असावे, अशी तरतूद मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतच आहे. तेव्हा ‘विहीरीत’ तसेच राहू द्यावे. दुरुस्ती करणाऱ्याने ओळ एकदा मोठ्याने म्हटली असती तर त्याचे बोट तेथे थांबले असते.

‘उन्हाळा’विषयीचा आक्षेपही पुस्तकी आहे. जोडाक्षरामुळे मागचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते ते त्यावर आघात येतो तेव्हा. ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर जोर येतो, म्हणून तो गुरू. ‘पुन्हा’, ‘तुझ्या’, ‘उन्हाळा’ म्हणताना मागच्या अक्षरावर काहीच आदळत नाही, म्हणून ते लघूच राहते. तुमच्याच चौथ्या ओळीत ‘तिच्या’मधील ‘ति’ त्याच कारणाने लघू आहे आणि त्याला मात्र कोणी हरकत घेतलेली नाही. मुक्तछंदाच्या सल्ल्याविषयी इतकेच म्हणतो की तो कवितेवरचा प्रतिसाद नव्हता.

आता जे कोणीच म्हटले नाही ते. तुमच्या पहिल्या दोन ओळी तोंडातून आल्या आहेत आणि पुढच्या दोन पुस्तकातून. ‘विहीरीत दोरी तळाशी पुरेना’ ही ओळ मी तीनदा वाचली. दुष्काळाविषयी एकही शब्द न उच्चारता तिने पाण्याची खोली दोरीने मोजून दाखवली, आणि ‘सरेना-पुरेना’ हे यमक शोधून आणलेले वाटत नाही. तिसऱ्या ओळीत मात्र ‘घेउनीया’ हा शब्द केवळ चार अक्षरांची जागा भरण्यासाठी आला आहे. तुमच्या घरात ‘घेऊनिया’ कोणी म्हणत नसेल. त्याच्याशी जुळवायचे म्हणून सावलीची ‘छाया’ झाली. आणि ‘घडा’? बीड जिल्ह्यात पाण्याला जाणारी बाई घडा घेऊन निघते की हंडा? ‘त-री-मा, य-हं-डा’ असे म्हणून पाहा, हंडा वृत्तात अगदी चपखल बसतो. खरा शब्द वृत्तात बसत असताना आपण शोभेचा शब्द निवडतो, कारण कविता म्हटली की वेगळे काहीतरी लिहायचे असते असे आपल्याला शिकवलेले असते.

मी तुमची तिसरी आणि चौथी ओळ लिहून देणार नाही, कारण मग ती कविता तुमची राहणार नाही. उर्दू परंपरेत उस्ताद शागिर्दाच्या ओळींवर ‘इस्लाह’ करीत, म्हणजे शब्द बदलून देत; त्यामागे दोघांचा वर्षानुवर्षांचा सहवास असे. सदर लिहिणाऱ्याला तो अधिकार नाही. मी एक प्रश्न विचारतो. दोरी पुरली नाही, तेव्हा तुमच्या आईने काय केले? दुसरी दोरी आणून गाठ मारली, शेजारणीकडून मागितली, की रिकामा हंडा घेऊन परतली? ते तुम्हाला ठाऊक असेल तर पुढच्या दोन ओळी तेथे आहेत. सावली सोबत चालल्याचे आम्ही याआधी पुष्कळ ठिकाणी वाचले आहे.

प्रश्न : मी पाच शेरांची (दोन-दोन ओळींच्या पाच द्विपदींची) गझल समूहात दिली. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ‘नजर’ आणि ‘शहर’ हे काफिये (यमकाचे शब्द) होते, तिसऱ्या शेरात ‘मधुर’ आला. एका ज्येष्ठ सदस्याने ‘अलामत मोडली, ही गझल नव्हे’ असे एका वाक्यात सांगितले. हे उद्धट नाही का? — एक वाचक, पणजी

उत्तर : उद्धट असेलही, पण बरोबर आहे. ‘नजर’ आणि ‘शहर’ या दोन शब्दांनी मतल्यातच असा करार केला की प्रत्येक काफियात ‘र’च्या आधी ‘अ’ हाच स्वर येईल. या कायम राहणाऱ्या स्वरालाच अलामत म्हणतात. ‘मधुर’मध्ये तेथे ‘उ’ आला आणि करार मोडला. ‘पदर’ किंवा ‘बहर’ चालला असता. गझलेत शेर एकमेकांपासून स्वतंत्र असतात, त्यांना बांधणाऱ्या गोष्टी वृत्त, काफिया आणि असल्यास रदीफ (काफियानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द) एवढ्याच, म्हणून तेथे सवलत मिळत नाही. सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जात म्हणून. ती मिळवून वाचावी. त्या ज्येष्ठांनी दोन वाक्ये अधिक लिहिली असती तर आपल्याला मला पत्र लिहावे लागले नसते, हेही खरे.

प्रश्न : वडिलांवर लिहिलेली माझी कविता मी समूहात दिली. दोन महिन्यांनी माझ्या मावशीनेच ती मला पाठवली आणि ‘बघ, लोक किती सुंदर लिहितात’ असे लिहिले. खाली भलत्याच गृहस्थांचे नाव होते आणि शेवटचे कडवे बदललेले होते. मी काय करू शकते? — एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या मावशींना रसिकतेचे पूर्ण गुण द्यायला हवेत.

कायद्यापुरते सांगायचे तर, १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार कविता लिहिली गेली त्याच क्षणी तिचा हक्क कवीकडे येतो. नोंदणी ऐच्छिक आहे, ती नसली तरी हक्क बुडत नाही, आणि तो कवीच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. त्याच कायद्याच्या ५७व्या कलमाने कवीला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार दिलेला आहे. आपल्या बाबतीत दोन्ही घडले आहे. समीक्षेसाठी चार ओळी नावासह उद्धृत करणे वेगळे. त्याला कायदा आडकाठी करीत नाही.

व्यवहारात न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ क्वचितच येते. कविता प्रथम पाठवल्याचा दिनांक दिसेल असे पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे आणि त्या गृहस्थांना खासगीत, शांतपणे लिहावे; पुष्कळदा त्यांनाही ती कोणीतरी निनावीच पाठवलेली असते. यापुढे नाव कवितेच्या शेवटी वेगळ्या ओळीत न टाकता शीर्षकाला लागूनच लिहावे, कारण पुढे पाठवणारे शेवटची ओळ सहज कापतात. आणखी एक : व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, त्यामुळे कविता एक रात्र आपल्याजवळच ठेवून मग पाठवलेली बरी.

जाता जाता समूहांनाही एक विनंती. ‘साभार’ हे कवीचे नाव नव्हे. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ साली झाले, म्हणजे त्यांच्या कवितांवरील प्रताधिकार २०५९ च्या अखेरपर्यंत राहील; तरीही त्यांच्या कविता निनावी फिरतात आणि त्यांनी कधीही न लिहिलेल्या ओळी त्यांच्या नावावर फिरतात. आपल्या कवितेचे नाव कापले गेले म्हणून व्यथित होणारे आपणच कालच्या सकाळी काय पुढे पाठवले होते, ते तपासून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : समूहातर्फे प्रातिनिधिक काव्यसंग्रह निघणार आहे. दोन कवितांसाठी शुल्क आहे आणि शिवाय पाच प्रती विकत घ्याव्या लागतील. माझी निवड झाली आहे. सहभागी व्हावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात ‘निवड’ हा शब्द आहे, पाठवलेल्यांपैकी किती जणांच्या कविता नाकारल्या, हे संपादकांना विचारून पाहावे. एकही नाकारली नसेल तर ती निवड नसून मागणीपत्र आहे. आप्तांना भेट देण्यासाठी पाच प्रती हव्या असतील आणि खर्च परवडत असेल तर अवश्य घ्याव्यात, त्यात गैर काहीच नाही. नको असतील तर त्याच दोन कविता एखाद्या नियतकालिकाकडे पाठवाव्यात. फक्त पुष्कळ संपादक ‘अप्रकाशित’ साहित्यच मागतात, म्हणून त्या समूहात देऊन झाल्या असल्यास सोबतच्या पत्रात तसे स्पष्ट लिहावे.