बाळूंचे बळी ११४ की ७५?

प्रश्न : १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात क्रिकेटपटू पालवणकर बाळूंनी ११४ बळी घेतले असे एका लेखात आहे, दुसऱ्यात ७५. खरा आकडा कोणता?

उत्तर : दोन्ही खरे. त्या दौऱ्यात भारतीय संघ २३ सामने खेळला, पण प्रथम श्रेणीचे, म्हणजे वरच्या दर्जाचे, त्यांतले १४च. ११४ बळी सगळ्या सामन्यांतले (सरासरी, म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, १८.८४; ती जितकी कमी तितकी चांगली), तर ७५ प्रथम श्रेणीतले (सरासरी २०.१२). बळी एका यादीतले आणि सरासरी दुसरीतली उचलली की गोंधळ होतो. ताळा करायला बळींना सरासरीने गुणा, दिलेल्या धावा मिळतात. ७५ गुणिले २०.१२ म्हणजे १५०९. प्रथम श्रेणीच्या संपूर्ण कारकिर्दीत १७९ बळी १५.२१ ने, म्हणजे साधारण २७२२ धावा. त्यातून दौरा वजा केला तर मायदेशी १०४ बळी उरतात, तेही पावणेबाराच्या आतल्या सरासरीने! इंग्लंडमध्ये दुखऱ्या हाताने टाकलेल्या षटकांवरून या डावखुऱ्या फिरकीपटूचे मोजमाप करणे म्हणूनच अन्यायाचे आहे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्धचे १०३ धावांत ८ बळी मात्र त्याच दौऱ्यातले.

प्रश्न : एवढा मोठा गोलंदाज, मग प्रथम श्रेणीचे सामने ३३च कसे?

उत्तर : रणजी करंडक सुरू झाला १९३४ मध्ये. बाळूंच्या काळी मुंबई इलाख्यातल्या खेळाडूसाठी प्रथम श्रेणी म्हणजे मुख्यतः युरोपियन, पारशी आणि हिंदू यांच्या लढती. १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून मुसलमानांचा संघ धरून चौरंगी. बाद पद्धत असल्याने अंतिम फेरी गाठली तरी वर्षाला दोनच सामने. शिवाय हिंदूंचा युरोपियनांशी पहिला सामना (१०९ धावांनी जिंकलेला) झाला फेब्रुवारी १९०६ मध्ये. बाळूंचा जन्म १८७६ चा. म्हणजे ऐन विशीतली, पुण्याच्या हिंदू क्लबाकडून केलेली गोलंदाजी या नोंदींत धरलेलीच नाही.

प्रश्न : ते हिंदू संघाचे कर्णधार होते का?

उत्तर : नाही. दलित खेळाडूच्या हाती संघ द्यायची निवड समितीची तयारी नव्हती. तो मान १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. जुने धावफलक पाहताना एक लक्षात ठेवा : तिथे आडनावाचे आद्याक्षर पुढे येते. ‘पी. बाळू’, ‘पी. शिवराम’, ‘पी. विठ्ठल’ असे शोधा. १९११ मध्ये सॉमरसेटविरुद्ध नाबाद ११३ करणारे ते बाळूंचे दुसरे भाऊ शिवराम.