पंख्याचा स्विच बंद आहे, तरी मल्टिमीटर ७० व्होल्ट दाखवतो. वायरिंग खराब आहे का?

तुम्ही लिहिलंय की जुना पंखा काढल्यावर छतातल्या मोकळ्या वायरींवर हे ७० व्होल्ट दिसले आणि वायरमन म्हणाला, 'लीकेज आहे, सगळं वायरिंग बदलावं लागेल.' होकार द्यायच्या आधी त्यालाच एक काम सांगा. होल्डरमधला साधा ६० वॅटचा पिवळा, तारेचा (एलईडी नव्हे) बल्ब चालू सॉकेटवर पेटवून बघायचा, मग त्या दोन वायरींना जोडायचा आणि बल्ब जोडलेला असतानाच मीटर लावायचा. बहुतेक ते ७० व्होल्ट गायब होतील.

घोडबंदर रोडच्या बिल्डिंगा असोत की आमच्या ऐरोलीतल्या, वायरी भिंतीतल्या पाइपातून एकमेकींना चिकटून जातात. स्विच बंद केला की पंख्याची वायर अधांतरी राहते, पण शेजारच्या वायरीत २३० व्होल्ट असतातच. दोन तांब्याच्या तारा, मध्ये प्लास्टिकचं इन्सुलेशन: झाला की कपॅसिटर! तारा एकमेकींना न टेकताही त्यातून थोडा एसी करंट पलीकडे जातो. समजा तो १०० पिकोफॅरॅडचा आहे. ५० हर्ट्झला त्याचा इम्पीडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा अडथळा, जवळपास ३२ मेगाओहम भरतो, म्हणजे त्यातून फार तर ७ मायक्रोॲम्पिअर जातील.

एवढ्याशा करंटवर ७० व्होल्ट दिसतात, कारण डिजिटल मल्टिमीटरचा इनपुट इम्पीडन्स साधारण १० मेगाओहम असतो. तो सर्किटमधून जवळजवळ काही घेतच नाही. वरचे आकडे घालून हिशेब केला (कपॅसिटर असल्याने साधी बेरीज चालत नाही, वर्ग करून वर्गमूळ काढावं लागतं, अर्थिंगच्या वायरीशी होणारा कपॅसिटर सोडून दिलाय) तर मीटरवर ६९ व्होल्ट येतात. त्याच जागी २ मेगाओहमचा काट्याचा मीटर लावला तर १४. आणि बल्ब? गार असताना त्याचा रेझिस्टन्स शंभर ओहमच्याही आत असतो, तिथे एक मिलिव्होल्टसुद्धा उरत नाही. म्हणून जुने वायरमन अजून टेस्ट लॅम्प बाळगतात. आता काही मीटरांत मुद्दाम कमी इम्पीडन्सची, तीनेक किलोओहमची सोय असते; ती असेल तर बल्बही नको.

मग मीटरवाले इम्पीडन्स एवढा जास्त ठेवतात कशाला? मी रबाळ्याला उपकरणांच्या कॅलिब्रेशनचं काम करतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांत पीएच मीटर असतात; द्राव आम्ल आहे की अल्कली ते पीएचच्या आकड्यावरून कळतं, सात म्हणजे मधोमध. त्यातल्या काचेच्या इलेक्ट्रोडचा स्वतःचाच रेझिस्टन्स शेकडो मेगाओहम असू शकतो आणि २५ अंशांना एका पीएचमागे तो देतो जेमतेम ५९ मिलिव्होल्ट. त्याला तुमचा १० मेगाओहमचा मल्टिमीटर लावला तर सिग्नल तिथेच मरेल. म्हणून पीएच मीटरचा इनपुट लाखो मेगाओहमचा करतात. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये दमट हवा शिरली की हा सगळा खटाटोप वाया जातो: ओलाव्यातून करंट झिरपतो आणि आम्ल असो की अल्कली, रीडिंग सातकडे सरकायला लागतं. इलेक्ट्रोड बदलायच्या आधी कनेक्टर वाळवून बघा, असं मी दर जुलैत सांगतो.

तुमच्याकडे परत. बल्ब लावूनही व्होल्टेज टिकलं किंवा बल्ब मिणमिणला, तर वायरमन बरोबर आहे आणि खरोखर दोष शोधायला हवा. शिवाय स्विच बंद ठेवून दोन्ही वायरी एकेक करून अर्थिंगशी मोजायला लावा. एकीवर पूर्ण २३० आले तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलाय. हे धोक्याचं आहे आणि बल्बच्या परीक्षेत ते कळत नाही. ही मोजणी फक्त मीटरने करायची. बल्ब अर्थिंगला जोडू देऊ नका; तो पाव ॲम्पिअर खेचतो, ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (अर्थिंगकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ताबडतोब पडेल आणि वायरमन म्हणेल, बघा, सांगितलं होतं ना लीकेज आहे!