एआर-१५ च्या ट्रिगर पिना बाहेर येतात आणि तू एच-१बी वर येतोयस, तर आधी हे वाच

तू लिहिलंयस की ऑक्टोबरमध्ये एच-१बी वर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) टेक्सासमधल्या डॅलसला येतोयस, तिथे चुलत भाऊ (तो सिटिझन आहे) त्याच्याकडे एआर-१५ रायफल आहे, तिच्या ट्रिगरच्या पिना फायरिंग करताना बाजूला सरकतात आणि तो म्हणतोय की तू मेकॅनिकल इंजिनियर आहेस तर आल्यावर बघ. आणि तू विचारतोयस की भारतात लेथवर थोड्या जाड पिना टर्न करून घेऊन येऊ का. मी टेक्सासमध्ये बरीच वर्षं आहे, हाच प्रॉब्लेम माझ्या स्वतःच्या रायफलला झालाय, म्हणून सविस्तर लिहितो.

पिना आणू नकोस. हे पहिलं. आपल्या आर्म्स ॲक्टमध्ये शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागसुद्धा येतात आणि इकडे अमेरिकेत शस्त्राच्या पार्टच्या आयातीलाही परवाना लागतो. बॅगेत विसरलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर केस झालेली माणसं आहेत, तू तर मुद्दाम पार्ट बनवून आणणार म्हणतोयस. इथे पिनांचा जोड कुठल्याही गन शॉपमध्ये थोडक्या डॉलरात मिळतो, त्यासाठी व्हिसा पणाला लावायचा नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, टुरिस्ट व्हिसा, या सगळ्या नॉनइमिग्रंट (कायमच्या वास्तव्याच्या नसलेल्या) व्हिसांवर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. विकत घेणं सोड, भावाच्या घरी टेबलावर उघडून दुरुस्त करणं किंवा रेंजवर हातात घेणंही त्यातच धरलं जाऊ शकतं. फ्लोरिडात स्टुडंट व्हिसा संपलेला एक मुलगा रेंजवर जाऊन नेम मारून आला आणि ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१९ चा निकाल आहे. २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तुझं स्टेटस माहीत असून तुझ्या हातात बंदूक दिली म्हणून भाऊही अडकतो, डिपोर्टेशनचा धोका वेगळाच. ग्रीन कार्ड झालं की ही बंदी उठते.

त्याआधीची सरळ वाट म्हणजे हंटिंग लायसन्स. चालू मुदतीचं, कुठल्याही राज्याचं अधिकृत हंटिंग लायसन्स असेल तर नॉनइमिग्रंटला सूट मिळते. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, तो कर, नुसत्या कायद्यासाठी नाही तर बंदूक हाताळायची शिस्त लागते म्हणूनही. एक खाचखळगा लक्षात ठेव, तिथली बहुतेक लायसन्सं ३१ ऑगस्टला संपतात, तू ऑक्टोबरमध्ये काढलंस तरी पुढच्या ऑगस्टअखेर ते संपेल आणि १ सप्टेंबरला नवीन नसेल तर परत तू बंदीत. उद्या नोकरी बदलून कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय असल्या राज्यात गेलास तर एआर-१५ चे नियम पार वेगळे आहेत, टेक्सासचा अनुभव तिकडे लावू नकोस. आणि आल्या आल्या एखाद्या इमिग्रेशन वकिलाला हे सगळं एकदा दाखवून घे.

आता मशीनकडे येतो. तुझं डोकं पिनेच्या जाडीकडे गेलं ते साहजिक आहे, मीही आधी मायक्रोमीटरच शोधला होता. पण एआर-१५ मध्ये त्या पिना घट्ट बसवून धरलेल्याच नसतात. स्टँडर्ड पिन ०.१५४ इंचाची, म्हणजे साधारण ३.९ मिलिमीटर, आणि ती बोटाने किंवा पंचाच्या हलक्या टोल्याने आत जायला हवी असंच डिझाइन आहे. तिला जागेवर धरतात स्प्रिंगा. पुढची पिन हॅमरची (ट्रिगर दाबला की जोरात पुढे जाऊन गोळी उडवणारा तुकडा), हॅमरच्या पोटात इंग्रजी जे च्या आकाराची एक छोटी तार असते, ती पिनेच्या मधल्या खाचेत अडकते. मागची पिन ट्रिगरची, तिला हॅमर स्प्रिंगचे दोन पाय वरून दाबून धरतात आणि त्यातला एक पाय पिनेच्या कडेच्या खाचेत बसतो. एवढंच. म्हणून पिन बाहेर आली की पिनेला दोष देण्याआधी तिला धरणारी स्प्रिंग बघायची.

भावाला विचार की नक्की कुठली पिन सरकते, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. मागची सरकत असेल तर बहुतेक वेळा हॅमर स्प्रिंग उलटी बसवलेली असते किंवा तिचा पाय खाचेच्या शेजारी बसलेला असतो. त्याच्या जोडीला गोळी कधी कधी फुटत नसेल, प्रायमरवर (गोळीच्या बुडातली, ठोका बसला की पेटणारी टोपी) नुसता हलका खड्डा दिसत असेल, तर स्प्रिंग उलटीच आहे असं धरून चालायला हरकत नाही. पुढची सरकत असेल तर ती जे स्प्रिंग तुटली किंवा पडली असणार. चांगली असेल तर हॅमरची पिन आत ढकलताना शेवटी बोटाला बारीकसा टिक जाणवतो, तो टिक येतच नसेल तर हॅमर बदलायचा, फार महाग नसतो. आणि रेडिमेड कॅसेटवाला ट्रिगर (ट्रिगर-हॅमर एकाच डबीत जोडून आलेला) टाकलेला असेल तर प्रश्नच वेगळा, त्यातल्या बऱ्याच डिझाइनमध्ये पिनेला धरणारी स्प्रिंग नसतेच, तिथे दोन्ही टोकांना स्क्रू असलेल्या अँटी-वॉक पिना लावायच्या किंवा कॅसेटचे सेट स्क्रू कंपनीने सांगितलेत तसे आवळायचे.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. रेंजवर दुसरी मॅगझिन चालू होती, ट्रिगर एकदम लिबलिबीत लागला, नीट पाहिलं तर डाव्या बाजूने मागची पिन दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेली. मी अंगठ्याने आत ढकलली आणि पुढे चालू ठेवलं, जे मुळीच करायला नको होतं, थोड्या वेळात परत बाहेर. शेवटी रेंज ऑफिसरने थांबवलं आणि बरं केलं. घरी येऊन अप्पर (रायफलचा नळीकडचा वरचा अर्धा भाग) काढला, टॉर्च मारली तर वरूनच दिसलं, हॅमर स्प्रिंगचे पाय ट्रिगर पिनेवर नव्हतेच, खाली लोअरच्या (ट्रिगर बसतो तो खालचा भाग) तळाला टेकलेले. आठवड्यापूर्वी मीच साफ करायला ट्रिगर काढला होता आणि स्प्रिंग चुकीची बसवली होती. नीट बसवल्यावर आजतागायत पिन हललेली नाही.

तिथेच बोटाने का ढकलू नये ते सांगतो. पिन एका बाजूने भोकातून सुटली की ट्रिगर तिरका होतो, मग तो हॅमरला नीट पकडेलच याची खात्री नाही, बोट न लावता गोळी सुटू शकते किंवा एका दाबात दोन. हे दिसलं की त्या दिवसापुरतं फायरिंग बंद.

भाऊ उघडेल तेव्हा मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हींनी रिकामा बघायचा, गोळ्या दुसऱ्या खोलीत. अप्पर काढलेला असताना हॅमर मोकळा सोडायचा नाही, अंगठ्याने धरून हळू पुढे न्यायचा, नाहीतर तो जोरात जाऊन ॲल्युमिनियमच्या लोअरवर आदळतो. जोडून झाल्यावर रिकाम्या रायफलवर फंक्शन चेक: सेफ्टी लावून ट्रिगर दाबला तर हॅमर पडायला नको, सेफ्टी काढून दाबला की पडायला हवा, मग ट्रिगर दाबून धरूनच चार्जिंग हँडल (हॅमर चढवायला मागे ओढायचा दांडा) ओढायचं आणि सोडायचं, हॅमर पडायला नको, ट्रिगर सावकाश सोडला की टिक ऐकू यायला हवा आणि परत दाबला की हॅमर पडायला हवा. यातलं एकही चुकलं तर गनस्मिथकडे.

भोकंच झिजली असतील असं तुला वाटत असेल तर तेही होतं, पण कमी. पिन स्टीलची, लोअर ॲल्युमिनियमचा, पिन आत फिरत राहिली की भोकाभोवतीचा काळा ॲनोडायझिंगचा थर जाऊन चकचकीत कडं दिसतं आणि पिन वरखाली डुलते. नुसतं कडं असेल तर दोन्ही पिना बाहेरून पट्टीने एकमेकींना जोडणारे अँटी-रोटेशन सेट मिळतात, ते पिनांना फिरू देत नाहीत. भोक लंबगोल झालं असेल तर मात्र गनस्मिथ. तुझी जाड पिन भोक मोठं केल्याशिवाय जाणार नाही आणि ज्यावर सिरियल नंबर असतो, कायद्याने जी बंदूक, तो भाग म्हणजे हा लोअरच, त्याला घरी ड्रिल लावायचा नाही. काही जण भोकाची कड पंचाने ठोकून पिन अडवतात किंवा लॉकटाइट (स्क्रू पक्के करायचा गोंद) ओततात, तेही नको, पुढच्या वेळी साफ करायला पिन काढताना भोकाची वाट लागते.

तू आत्ता तिथे बसून करण्यासारखं एवढंच की भावाला तीन फोटो पाठवायला सांग, अप्पर काढून वरून स्प्रिंगचे पाय दिसतील असा एक, आणि दोन्ही बाजूंनी भोकं जवळून. ते मला पाठव, पाय पिनेच्या वर आहेत की खाली ते पहिल्याच फोटोत कळेल.